‘डॉक्टर, बोक्याला सू होत नाहीये’

बोका लिटर बॉक्समध्ये जातो, उकरतो, बसतो, कुंथतो आणि काहीच न करता बाहेर येतो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मध्येच एक पाय वर ताणून शेपटीखाली चाटत बसतो, खर्जातला एक लांबलचक आवाज काढतो. हे बघून बहुतेक घरांत एकच निदान होतं : पोट साफ होत नाहीये बिचाऱ्याचं.

डोंबिवलीतल्या एका घरातही तेच झालं. बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, घरात मुलगा-सून, शाळेत जाणारी नात, ऐंशी पार केलेल्या सासूबाई आणि बंड्या नावाचा धष्टपुष्ट, पांढरा-तांबडा बोका. रविवारची संध्याकाळ. “अगं, चमचाभर एरंडेल पाज त्याला, सकाळपर्यंत मोकळा होईल,” सासूबाई म्हणाल्या. सुनेला काही ते पटेना. “आई, हा सारखा सारखा जातोय हो, रात्रीचा कुठला दवाखाना उघडा असतो का बघू या?” पण नेहमीचा दवाखाना रविवारी बंद, दुसरा कुणाला माहीत नाही, आणि बोका तसा चालत-फिरत होता. शेवटी एरंडेल पाजलं आणि सकाळी पहिला नंबर लावायचा असं ठरून सगळे झोपले. रात्री बंड्या पलंगाखाली जाऊन बसला. पहाटे दोनदा ओकला. सकाळी त्याला बाहेर काढलं तेव्हा कान आणि पंजे गार लागत होते.

बद्धकोष्ठ नव्हतंच ते. लघवी तुंबली होती.

हा आजार मुख्यतः बोक्यांचा. भाटीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असते. बोक्याची लांब, आणि टोकाकडे जेमतेम मिलिमीटरभर. मूत्राशयाला सूज येऊन तयार झालेला चिकट स्राव, त्यात अडकलेले बारीक स्फटिक, एखादा खडा, किंवा नुसतं नलिकेचं आकसणं, यातलं काहीही ती वाट बंद करायला पुरतं. मूत्राशय भरत जातं आणि पोटाला हात लावला तर लिंबाएवढा टणक गोळा लागतो (दाबून बघू नये, ते फुटू शकतं). मागे दाब मूत्रपिंडांवर येतो. शरीराबाहेर जायचं ते रक्तात साठू लागतं, आणि त्यात सगळ्यांत घातक पोटॅशियम. ते वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात आणि शेवटी थांबतात. पूर्ण अडकलेला बोका उपचारांशिवाय साधारण २ ते ३ दिवसांत दगावतो, कधी त्याहूनही लवकर. गंमत, म्हणजे क्रूर गंमत, अशी की पहिले कित्येक तास तो बऱ्यापैकी ठीक दिसतो. शेजारी येऊन बसतो, हाक मारली की बघतो. ओकाऱ्या, सुस्ती, गारठलेले पंजे ही लक्षणं दिसतात तेव्हा विष भिनू लागलेलं असतं.

बंड्याला सोमवारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि केसपेपर करायच्या आधीच त्याला आत घेतलं. निरोगी मांजराच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १४० ते २२० पडतात. त्याचे शंभरच्याही खाली गेले होते. अशा वेळी आधी हृदय सांभाळावं लागतं. शिरेतून कॅल्शियम देतात, सलाइन चालू करतात, मग गुंगी देऊन बारीक कॅथेटर घालतात आणि अडथळा धुऊन काढतात. तो निघालाही. पिशवीत गडद लाल लघवी उतरू लागली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. इथेच पुष्कळ लोक फसतात. तुंबलेली वाट मोकळी झाल्यावर मूत्रपिंडं एकदम भरमसाट लघवी करू लागतात, पाणी आणि क्षार भराभर निघून जातात, म्हणून पुढचे दोन-तीन दिवस सलाइन, रक्ताच्या तपासण्या आणि चोवीस तास देखरेख लागते. बंड्याची मूत्रपिंडं सावरलीच नाहीत. मंगळवारी रात्री तो गेला.

वेळेत आणलेले बहुतेक बोके या आजारातून वाचतात, आणि म्हणूनच या घराची हकिकत सांगायची. ज्यांच्या घरी बोका आहे त्यांनी एक वाक्य पाठ करून ठेवावं आणि फोनवर तेच म्हणावं : “बोका आहे, सारखा कुंथतोय, सकाळपासून सू झालेली नाही.” ‘मांजर जरा मलूल आहे’ असं सांगितलं की उद्याची वेळ मिळते. पहिलं वाक्य ऐकून कुठलाही जाणता पशुवैद्य ‘आत्ता घेऊन या’ म्हणतो.

पण फोन कुणाला करायचा? हा प्रश्न रविवारी रात्री पडला तर फार उशीर झालेला असतो. आपल्या घरापासून रिक्षाने किंवा गाडीने गाठता येईल असा, रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, तिथे सोनोग्राफी होते का, मांजराला रात्रभर ठेवून घेतात का, हे सगळं मांजर ठणठणीत असतानाच विचारून ठेवायला हवं. मुंबईकरांचं नशीब त्यातल्या त्यात बरं. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, तिथलंच पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं, आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. तालुक्याच्या गावी मात्र सरकारी दवाखाना असतो तो गाई-म्हशींच्या सवयीचा. बोक्याला घालायचा बारीक कॅथेटर तिथे मिळेलच असं नाही, म्हणून जवळच्या शहरातला एक नंबर हवाच. मांजराची बास्केटही माळ्यावर टाकू नये. ती खोलीच्या कोपऱ्यात, आत जुनं फडकं घालून कायम उघडी ठेवली तर मांजर तिच्यात झोपतं, आणि वेळ आली की पलंगाखालून ओढून काढण्यात अर्धा तास जात नाही.

मांजर दुखणं लपवतं, हे मांजरं पाळणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. ते ओळखायचं कसं, हे कमी जणांना. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात पाचच गोष्टी बघायच्या : कान बाजूला वळून चपटे झालेत का, डोळे किलकिले आहेत का, तोंडाभोवतीचा भाग ताणलेला आहे का, मिशा ताठ झाल्यात का, आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली गेलंय का. हे घरी बसून जमतं. गुरगुरण्यावर मात्र विसंबू नये. मांजर सुखात असतं तेव्हा गुरगुरतं, तसंच कधीकधी वेदनेतही. तोंड उघडं टाकून धापा टाकणं, मागचे पाय एकाएकी लुळे आणि गार पडणं, ही लक्षणं दिसली तर सकाळ होण्याची वाटच बघायची नाही. दुसऱ्या लक्षणात बहुधा हृदयात झालेली रक्ताची गाठ पायांच्या धमनीत येऊन अडकलेली असते.

घरगुती औषधांबद्दल थोडं कडक बोलायला हवं. एरंडेलाने बंड्याचं मरण ओढवलं नाही, पण ते पाजल्यावर ‘उपाय केलाय’ असं समाधान मिळालं आणि रात्र गेली. याहून वाईट म्हणजे माणसांच्या गोळ्या. ‘ताप आहे, अर्धी पॅरासिटामॉल दिली’ असं सांगणारी माणसं दवाखान्यात येतातच. ते औषध पचवायला लागणारं विकर मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतं. रक्ताची प्राणवायू वाहायची क्षमता जाते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं, आणि ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घ्यायला पुरते. कुत्र्याच्या पाठीवर सोडायचं गोचिडीचं औषध, ज्यात परमेथ्रिन असतं, तेही मांजराला विष. आणि वाढदिवसाला येणाऱ्या गुच्छातली लिली : तिचं पान, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. तो गुच्छ दाराबाहेरच राहू द्यावा.

आता, लघवी अडकते कशामुळे? याचं मूळ मांजराच्या पूर्वजांपर्यंत जातं. आपली मांजरं आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आली, कोरड्या मुलखातल्या. त्यांना तहान कमी, कारण उंदराच्या अंगातच सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पाकिटातल्या कोरड्या दाण्यांत ते दहा टक्क्यांच्या आतबाहेर. घराबाहेर न पडणारा, वजन वाढलेला, दिवसभर दाणे खाऊन पडून राहणारा मधल्या वयाचा बोका या आजाराच्या वाटेवर असतो, आणि बंड्या अगदी तसाच होता. म्हणून दाण्यांबरोबर ओलं खाणं द्यावं, दाणे भिजवून द्यावेत, पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी आणि जेवणाच्या ताटलीपासून लांब ठेवाव्यात. बिनमिठाचं कोंबडीचं किंवा माशाचं पाणी बरेच बोके आवडीने पितात. मात्र ते शिजवताना कांदा-लसूण घालायचा नाही.

दुसरं कारण ऐकून सासूबाई हसल्या होत्या : ताण. “मांजराला कसला आलाय ताण?” पण ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ मांजरांवर ७७ आठवडे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही मांजरं मूत्राशयाच्या दुखण्याची होती, काही निरोगी. खाण्याची वेळ चुकली, ओळखीचं माणूस बदललं, दिनक्रम बिघडला, की निरोगी मांजरंही ओकू लागली, खाईनाशी झाली, बाहेर शी-सू करू लागली. बंड्याच्या घरी त्याच महिन्यात बाथरूमच्या फरश्या फोडायचं काम चाललं होतं आणि त्याचा लिटर बॉक्स गच्चीत, ड्रिलच्या आवाजाशेजारी गेला होता. त्यामुळेच झालं असं छातीठोक कुणी सांगणार नाही. पण घरात रंगकाम, पाहुणे, नवं मांजर किंवा दिवाळीचे फटाके असतील तर त्या दिवसांत लिटर बॉक्समध्ये किती ओले गोळे सापडतात ते मोजावं. जितकी मांजरं, त्याहून एक जास्त लिटर बॉक्स, ही जुनी सूचना पैशांची उधळपट्टी नाही. एकदा अडकलेल्या बोक्याला हे पुन्हा होऊ शकतं, त्यामुळे वाचून घरी आलेल्या बोक्याच्या बाबतीत तर हा हिशेब रोजचाच.

मांजर गेल्यानंतरचे प्रश्न कुणी आधी विचारत नाही. पहिला, देहाचं काय करायचं. पूर्वी परसात पुरत, आता परस राहिलं नाही. मालाडला मुंबई महापालिकेने पाळीव प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी केली आहे. इतर शहरांत पालिकेच्या आरोग्य किंवा पशुवैद्यकीय विभागाला विचारावं. गावाकडे पुरायचं तर विहिरीपासून दूर आणि कुत्री उकरणार नाहीत इतकं खोल. दयामरणाचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण त्या औषधाचा अंश देहात राहतो आणि ते खाणारा प्राणीही मरू शकतो.

मग बोलणी सुरू होतात. “मांजरच तर होतं, दुसरं आण.” अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं, ज्याला समाजाची मान्यताच नसते : ज्यासाठी रजा मिळत नाही, भेटायला कुणी येत नाही, रडलं तर हसतात. पाळलेल्या जनावराचं जाणं त्यात बसतं. आपल्याकडे दुसऱ्या टोकाची श्रद्धाही आहे. आपल्या हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, असं सासूबाईंनी लहानपणी ऐकलेलं. त्या एरंडेलाचा चमचा मनात घेऊन बसल्या आणि दोन दिवस जेवल्या नाहीत. शेवटी सुनेने त्यांना थेट डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. एरंडेलाने काही झालं का, रात्रीच आणलं असतं तर वाचला असता का, हे त्यांनी स्पष्ट विचारलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं : एरंडेलाने नाही, रात्री आणला असता तर शक्यता बरीच जास्त होती. उत्तर गोड नव्हतं. तरी त्या संध्याकाळी म्हातारी जेवली. बऱ्याच लोकांना हे विचारायचं धाडस होत नाही आणि मग ते मनातल्या मनात स्वतःवर खटला चालवत राहतात. आठवडाभराने डॉक्टरांची पंधरा मिनिटं मागून घेणं जास्त बरं.

नातीला ‘बंड्या गावी गेला’ असं सांगायचा मोह झाला होता. सांगितलं नाही, हे फार चांगलं केलं. गावी गेलेला परत येतो, आणि मूल दारात वाट बघत बसतं. ‘झोपला’ हा शब्दही नको, मुलं झोपायला घाबरू लागतात. घरात दुसरं मांजर असेल तर तेही काही दिवस शोधतं, ओरडतं, खाणं सोडतं. पण मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस काहीच न खाणं धोक्याचं : यकृतात चरबी साठते. तेव्हा ‘दुःखात आहे’ म्हणून सोडून न देता दुसऱ्या दिवशीच दवाखाना गाठायचा.

नवं पिल्लू कधी आणावं, याला घरागणिक वेगळं उत्तर. एका बाबतीत मात्र वैद्यकच उत्तर देतं. आधीचं मांजर लघवी अडकून गेलं असेल तर तो आजार संसर्गाचा नाही, भांडी-बास्केट धुऊन वापरता येतात. पण ते पॅनल्युकोपेनियाने, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या त्या साथीने गेलं असेल, तर तो विषाणू घरात वर्षभरही टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. ब्लीचचं पाणी लागतं, आणि लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू त्या घरात आणायचंच नाही. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत तिचे डोस चालतात. डोंबिवलीच्या घरात आता एक करडी भाटी आहे. भाटीची लघवी सहसा अडकत नाही, हे सासूबाईंना दोनदा समजावून झालंय. तरी सकाळचा चहा घ्यायच्या आधी त्या सुनेला विचारतात, “किती गोळे निघाले गं आज?”