फ्रीक्वेन्सी म्हणजे नेमकं काय? (वारंवारता, स्वर, शब्द आणि नाम)

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या वेळचा अभ्यास थोडा वेगळा आहे, आणि त्याची सुरुवात आमच्या चुकीपासून आहे. म्हणून आधी ती कबूल करतो.

दोन-अडीच महिन्यांपूर्वी एक ऑडिओ फिरत होता. "५२८ हर्ट्झ दैवी फ्रीक्वेन्सी, रोज अर्धा तास ऐका, बीपी-शुगर मुळापासून जाते." खाली ओंकार होता, आवाजही गोड होता. आम्ही तो पुढे पाठवला. एक ग्रुप नाही, चार ग्रुपवर. आमच्याच घरच्या आत्याबाईंनी तो मनावर घेतला. कानाला इअरफोन लावून रोज ऐकायच्या. पुढे पुढे बीपीची गोळी बंद केली. घरात कुणी विचारलं तर म्हणायच्या, "गोळी कशाला आता? फ्रीक्वेन्सी ऐकायलेय की रोज!" अठराव्या दिवशी सकाळी अंगणात चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी वरचं १९० होतं. दत्तकृपेने आणि डॉक्टरांच्या वेळेवरच्या उपचाराने आज त्या बऱ्या आहेत, गोळी नियमित घेतात.

ही हकिगत आम्ही गुरुजींच्या कानावर घातली. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, फ्रीक्वेन्सी म्हणजे काय, हे पाठवणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक होतं का? आम्ही गप्प. मग म्हणाले, आधी शिका, नंतर ग्रुपवर लिहा. तोच हा पाठ.

*१. शब्दाचा साधा अर्थ*

फ्रीक्वेन्सीला मराठीत शब्द आहे वारंवारता. 'वारंवार' म्हणजे पुन्हा पुन्हा. ठरावीक वेळात एखादी गोष्ट किती वेळा घडते, तो आकडा म्हणजे वारंवारता. बस्स, एवढंच. त्यात गूढ काही नाही. हिंदीत यालाच आवृत्ति म्हणतात. आपणही अथर्वशीर्षाची आवर्तनं म्हणतो, तबलजी तीनतालाचं आवर्तन मोजतो. शब्द परका वाटला तरी कल्पना घरचीच आहे.

सेकंदाला एकदा घडलं तर एक हर्ट्झ. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिक हर्ट्झ यांच्यावरून पडलं. त्यांनी १८८७ च्या सुमारास रेडिओ लहरी प्रयोगाने दाखवून दिल्या आणि १८९४ मध्ये अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले.

आपलं हृदय मिनिटाला ७२ वेळा धडधडलं तर त्याची वारंवारता १.२ हर्ट्झ. घरातली वीज ५० हर्ट्झची. गावातल्या डीपीजवळ उभं राहिलं की जो हुंकार ऐकू येतो, तो त्याच्या दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झचा. गुलबर्गा आकाशवाणी लावायला जुनी मंडळी रेडिओचा काटा ११०७ वर आणत. ते किलोहर्ट्झ. म्हणजे ११०७ वर सेकंदाला ११ लाख ७ हजार वेळा लहर हेलकावते. आणि लाल रंगाचा उजेड सेकंदाला सुमारे ४३० लाख कोटी वेळा.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हृदयाचा ठोका, आवाज, उजेड या तिन्ही वेगळ्या वस्तू आहेत. वारंवारता हे फक्त मोजमाप आहे. किलो म्हटलं की ज्वारीही किलोत आणि लोखंडही किलोत. म्हणून कोणी नुसतं "याची फ्रीक्वेन्सी हाय आहे" म्हणालं, तर आपण विचारावं: कशाची? काय हलतंय? किती वेळात किती वेळा? उत्तर आलं नाही तर ते विज्ञान नव्हे, बोलण्याची पद्धत आहे. बोलण्यापुरतं ठीक, औषध म्हणून नाही.

*२. स्वर*

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. वारंवारता वाढली की स्वर चढतो. मादी डासाचे पंख सेकंदाला साधारण चारशे ते सहाशे वेळा हलतात, म्हणून ती कानाशी गुणगुणते. ५२८ हा आकडा त्याच्यातच बसतो! त्या आवाजाने बीपी उतरत असतं तर पावसाळ्यात आपल्याकडे कुणालाच बीपी राहिलं नसतं.

वय झालं की वरच्या वारंवारतेचं ऐकणं आधी कमी होतं. स, श, फ ही अक्षरं त्या वरच्या भागात जास्त असतात. म्हणून आजोबा म्हणतात, "आवाज येतो रे, पण कळत नाही." त्यांच्यापुढे ओरडू नका. समोर बसून, सावकाश, तोंड दिसेल असं बोला.

आता गाण्याकडे येऊ. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला आपल्यापैकी पुष्कळ जण दत्तजयंतीला जातात. श्री माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत पदं रचली, गवयांना आश्रय दिला. तिथे गाणं ही सेवाच आहे. अशा ठिकाणी गायकाजवळ बसून पाहा. प्रत्येक जण आपला 'सा' वेगळा धरतो. पुरुष बहुधा काळी एकच्या आसपास, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ. बायका बहुधा काळी चारच्या आसपास, म्हणजे सुमारे २०८. दोघांचंही भजन सुरात असतं. कारण सूर आकड्यावर उभा नाही, नात्यावर उभा आहे. 'सा'च्या दीडपट 'प', दुप्पट वरचा 'सा'. १३९ ची दीडपट करून पाहा, २०८ च येतात. म्हणजे भावाचा 'प' तोच बहिणीचा 'सा'.

मग एकच आकडा देवाचा आणि बाकीचे कमी दर्जाचे, असं कसं म्हणता येईल? युरोपातही गावागणिक सूर वेगळे होते. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने 'ए' स्वर ४३५ ठरवला, १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ४४० ठरला. वादकांना एकत्र वाजवता यावं म्हणून केलेली ती सोय होती.

*३. आकड्यातली गंमत*

"४३२ हर्ट्झ म्हणजे १०८ गुणिले ४, म्हणून ती सृष्टीची फ्रीक्वेन्सी," असाही मेसेज येतो. हा हिशेब जरा तपासू.

हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा. पण सेकंद निसर्गाने दिलेला नाही, माणसाने ठरवलेला आहे. आपल्याकडे दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळं, पळाची ६० विपळं. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, विपळ सेकंदाच्या दोन पंचमांश. पूर्वजांच्या मापाने मोजलं तर तोच ४३२ चा स्वर विपळाला १७२.८ वेळा कंप पावतो. स्वर तोच, कान तोच, पण १०८ कुठे गेले? माप बदललं की आकड्याची जादू गेली. १०८ मण्यांचं महत्त्व माळेत आहे. ते इंग्रजी घड्याळातून सिद्ध करायची गरज नाही.

आपल्या पूर्वजांनी वारंवारता मोजली होती, पण श्वासाची. दिवसाचे २१,६०० श्वास, हे आपण प्रवचनात ऐकतो. पळाला सहा श्वास असा तो हिशेब आहे. आजच्या मापाने मिनिटाला १५. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो, असं डॉक्टर सांगतात. किती बरोबर बसलं बघा! हे खरं मोजणं. डोळ्यांनी पाहिलेलं, बोटांवर घेतलेलं.

*४. भाषा*

भाषेतही वारंवारता असते. एखादा शब्द किती वेळा येतो, ती त्याची वारंवारता. नेहमीचे शब्द झिजून लहान होतात. 'आणि'चं बोलताना 'अन्' होतं. अमेरिकेतल्या झिफ नावाच्या अभ्यासकाने कित्येक दशकांपूर्वी हे मोजून दाखवलं: जास्त वापरातले शब्द बहुधा आखूड असतात.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. 'झिरपणे'चं 'झिरपलं', 'गोंजारणे'चं 'गोंजारलं', सरळ नियम. पण 'करणे'चं 'केलं', 'जाणे'चं 'गेलं', 'येणे'चं 'आलं'. नियम मोडणारे शब्द नेमके रोजच्या वापरातलेच का? कन्नडमध्येही 'बरु'चं 'बंद', 'होगु'चं 'होद'. कारण हे शब्द दिवसातून शंभरदा तोंडी येतात, त्यामुळे त्यांचं जुनं रूप विसरायला वेळच मिळत नाही. लहान मूल आधी "मी करलं" म्हणतं. रोज ऐकून ऐकून आपोआप "केलं"वर येतं. त्याला व्याकरण कोणी शिकवत नाही, वारंवारता शिकवते. शब्द क्वचित आला की मात्र तो नियमाच्या साच्यात जातो, नाहीतर विसरला जातो.

आपल्या सीमाभागात हे घरोघरी दिसतं. शाळा कन्नड, बाजारात दखनी, घरात मराठी. ज्या घरात आजी नातवाशी रोज मराठी बोलते तिथे मराठी टिकते. वर्षातून एकदा मराठी दिन साजरा करून टिकत नाही. जे वारंवार, तेच राहतं.

*५. नाम*

आता मुद्द्यावर येऊ. साधनेत फ्रीक्वेन्सी कुठे आहे? ऑडिओच्या आकड्यात नाही, आपल्या वारंवारतेत आहे. वारी म्हणजे ठरल्या वेळी पुन्हा जाणं. गाणगापुरात माधुकरी रोजची. माळेचा मणी पुन्हा पुन्हा. एक माळ सहा मिनिटांत होत असेल तर मिनिटाला १८ नामं झाली, म्हणजे ०.३ हर्ट्झ. ऐकायला किती लहान आकडा! पण रोज सहा मिनिटं धरली तरी वर्षाला ३९,४२० नामं होतात.

याच्या जवळचा एक खरा अभ्यासही आहे. इटलीतल्या डॉक्टरांनी २३ निरोगी माणसांकडून एकदा लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि एकदा 'ओम मणि पद्मे ओम' हा मंत्र म्हणवून घेतला. २००१ मध्ये तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास संथ झाला, आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या शरीराच्या यंत्रणेचा प्रतिसाद सुधारलेला दिसला. लक्षात घ्या, स्वर किती हर्ट्झचा हा प्रश्नच तिथे नव्हता. काम केलं ते म्हणण्याच्या संथ लयीने. धर्म वेगळा, भाषा वेगळी, लय एकच. आणि हेही लक्षात घ्या: ती माणसं निरोगी होती. यावरून कुणाची गोळी बंद करा, असं त्या डॉक्टरांनी म्हटलेलं नाही. मग आपण कोण म्हणणार?

गोड संगीताने मन शांत होतं, त्यात वाद नाही. आत्याबाई आजही संध्याकाळी ओंकार ऐकतात. फक्त आधी गोळी, मग ओंकार. त्याच परवा म्हणाल्या, "गोळीचं पण नामासारखंच आहे बघ. रोज घेतली तरच लागू पडते."

*या आठवड्याचा अभ्यास*

१) सकाळी उठल्यावर शांत बसून एक मिनिट आपले श्वास मोजा. जपानंतर पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. मुलांनाही सोबत घ्या.

२) भजनाला बसताना आपला 'सा' कोणत्या पट्टीत सहज लागतो ते पेटीवर शोधा. दुसऱ्याच्या पट्टीत ओढून गाऊ नका.

३) घरात बीपी, शुगर, थायरॉईड, फिट्स यांची गोळी चालू असलेल्यांना आज विचारा: "रोज घेता ना?" एखाद्या मेसेजमुळे बंद केली असेल तर लाजू नका, रागावू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

४) आजारावरचा कोणताही ऑडिओ किंवा आकडा पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा: कशाची वारंवारता? कोणी मोजली? औषध सोडायला सांगतोय का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर तो मेसेज तिथेच पुसून टाका.

आम्ही ज्या चार ग्रुपवर तो ऑडिओ पाठवला होता, त्या चारही ग्रुपवर हा पाठ पाठवत आहोत. तुमच्याकडून तो आणखी कुठे गेला असेल तर तिथेही हा पाठवा. चूक जितक्यांदा पसरली, दुरुस्तीही तितक्यांदा पसरायला हवी.

शंका असल्यास गुरुवारच्या सत्संगात विचाराव्यात.

श्री गुरुदेव दत्त 🙏