गोलेम : हुकमाचे ताबेदार

रोबोट म्हटलं की आपल्याला मोटर, सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर आठवतात. पण यातलं काहीच नसताना चालणारी यंत्रंही आहेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली अमेरिकेत आलेला, कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा खेळ. त्यात मंत्राने जिवंत केलेले पुतळे असतात, त्यांना म्हणतात गोलेम. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये त्यांचे चार प्रकार दिले आहेत : मांसाचा, मातीचा, दगडाचा आणि लोखंडाचा. मी २००३ च्या साडेतीन आवृत्तीचे नियम इंजिनिअरच्या नजरेने वाचले, आणि काय सांगू, निम्मा सिलॅबस त्यात सापडला!

मटेरियल

लोखंडी गोलेम १२ फूट उंच आणि वजनाला ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो. आता आकडेमोड करू. ६ फुटी, ७५ किलोच्या माणसाचं आकारमान साधारण ०.०७५ घनमीटर. उंची दुप्पट केली की आकारमान आठपट, म्हणजे ०.६ घनमीटर. लोखंडाची घनता ७,८७० धरली तर भरीव गोलेम ४,७०० किलोच्या आसपास जायला हवा. पुस्तकातलं वजन त्याच्या निम्म्याहूनही कमी! म्हणजे माणसाच्या बांध्याचा असेल तर गडी आतून पोकळ आहे.

त्याच्यावर विजेचा मंत्र टाकला तर तो मंदावतो, आणि आगीने उलट दुरुस्त होतो. जणू वेल्डिंगच! मांसाच्या गोलेमचं याच्या बरोबर उलटं. त्याला वीज बरं करते, आग आणि थंडी मंद करते. थोडक्यात काय, फेल्युअर मोड मटेरियलवर ठरतो.

प्रोग्रॅमिंग

गोलेम चालतो कशावर? नियमांप्रमाणे पृथ्वीतत्त्वाच्या लोकातला एक आत्मा त्याच्या मनाविरुद्ध त्या देहात कोंबलेला असतो. मालक ६० फुटांच्या आत असेल आणि गोलेमला दिसत-ऐकू येत असेल, तर हुकूम चालतो. मालक नसेल तर गोलेम शेवटचा हुकूम पाळत बसतो. 'या दारातून कोणाला सोडू नकोस' म्हटलं की संपलं. 'आग लागली तर सोड' हे सांगायचं राहिलं, तर तो दोष गोलेमचा नाही. आपला सी प्रोग्रॅम तरी वेगळं काय करतो? आपण लिहिलं तेच करतो, आपल्या मनात होतं ते नाही.

रिलायबिलिटी

खरी गंमत मातीच्या गोलेमची. लढाईत तो बेभान होण्याची शक्यता पहिल्या फेरीत १ टक्का, दुसरीत २, तिसरीत ३, अशी वाढत जाते. 'एक टक्का म्हणजे काहीच नाही' असं वाटतं ना? मग गुणाकार करून बघा : ०.९९ × ०.९८ × ०.९७... दहाव्या फेरीअखेर तो ताब्यात असण्याची शक्यता उरते ५६.५ टक्के, आणि बाराव्या फेरीअखेर फक्त ४४. एक फेरी सहा सेकंदांची. म्हणजे सव्वा मिनिटाच्या आत पारडं फिरलं! मांसाचा गोलेम बिथरला तर त्याचा मालक त्याला समजावून बघू शकतो. मातीचा बिथरला की संपलं, त्याला परत ताब्यात आणायचा उपायच नाही.

मूळ ज्यू लोककथा याबाबतीत जास्त शहाणी आहे. प्रागच्या राबाय लोव यांच्या (मृत्यू १६०९) नावाने सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीच्या एका रूपात गोलेमच्या कपाळावर 'एमेत' म्हणजे 'सत्य' असं लिहिलेलं असतं. पहिलं अक्षर पुसलं की उरतं 'मेत', म्हणजे 'मृत'. गोलेम जागच्या जागी थंड. याला म्हणतात इमर्जन्सी स्टॉप!

आणि यंत्राला समज आली तर?

कीथ बेकर यांच्या 'एबेरॉन' (२००४) या जगात याच्या पुढची पायरी आहे : 'वॉरफोर्ज्ड'. दगड, धातू आणि लाकडी तंतूंचे हे सैनिक कॅनिथ घराण्याने युद्धासाठी घडवले. त्यांना झोप नको, अन्न नको, श्वासही नको. पण ते विचार करतात, आणि जखमी झाले तर दुरुस्तीचा मंत्र जसा चालतो तसा माणसांना बरं करणारा मंत्रही चालतो, फक्त निम्मा. युद्ध संपल्यावर थ्रोनहोल्डच्या तहाने त्यांना स्वतंत्र ठरवलं आणि नवे बनवणाऱ्या भट्ट्या बंद करायला लावल्या. तरी तिथल्या कितीतरी लोकांच्या लेखी ते यंत्रच राहिले. ज्यांना फक्त लढायला बनवलं, त्यांनी शांततेत करायचं काय?

'रोबोट' हा शब्दही त्याच प्रागच्या रंगभूमीवरून जगभर गेला, कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकामुळे. मूळ झेक शब्द 'रोबोटा', म्हणजे वेठबिगारी. हा योगायोग मला फार बोलका वाटतो. आपण पुढे यंत्रं बनवणार, काही जण स्वतः निर्णय घेणारी यंत्रंही बनवतील. तेव्हा डिझाइनच्या पहिल्या पानावर दोन प्रश्न लिहून ठेवावेत असं मला वाटतं : हे थांबवायचं कसं? आणि थांबलं नाही तर जबाबदार कोण? गोलेमला व्हायव्हा नसते, आपल्याला असते!