दृष्टी स्थिर राहते कशी?

पाहणे हे एकट्या डोळ्यांचे काम, असा आपला समज असतो. वस्तुतः डोळे, मान आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय ही तिन्ही मिळून ते पार पाडतात. आम्ही इतिहास शिकविणारे असलो, तरी ‘पुरावा काय?’ हा आमचा प्रश्न येथेही लागू पडतो.

पुरावा याच पानावर आहे. पान हातभर अंतरावर स्थिर धरून मान डावीउजवीकडे जलद हलवावी. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून पान तितक्याच वेगाने हलवावे. अक्षरे पुसट होतात. प्रत्येक कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मान वळताच त्या मेंदूला वार्ता देतात आणि सुमारे एक शतांश सेकंदात डोळे तेवढेच उलट दिशेस वळतात. पान हलते तेव्हा मात्र कानाकडून वार्ता येत नाही. केवळ नजरेच्या आधारे केलेला पाठलाग कितीतरी मंद असतो.

प्राण्यांनी हेच कार्य निरनिराळ्या रीतींनी साधले आहे. घुबडाचे नळीसारखे डोळे अस्थिवलयात घट्ट बसलेले असतात. ते जवळजवळ फिरतच नाहीत. म्हणून सारा भार मानेवर. मनुष्याच्या मानेत ७ मणके, घुबडाच्या मानेत १४; ती कोणत्याही बाजूस सुमारे २७० अंश वळते. ज्या पक्ष्याला आपण अशुभ ठरविले, त्याचे ‘अघोरी’ वळणे हे एवढेच आहे.

कबूतर चालताना मान झटक्याने पुढे नेते आणि शरीर पुढे येईपर्यंत ती जागीच स्थिर ठेवते. १९७८ साली कॅनडातील बॅरी फ्रॉस्ट यांनी कबुतरांना फिरत्या पट्ट्यावर चालविले. भोवतालचे दृश्य मागे सरेना, तेव्हा मानेचे डोलणेही थांबले. अर्थात ते डोलणे चालण्यासाठी नसून पाहण्यासाठी होते.

ही व्यवस्था बिघडली तर? स्ट्रेप्टोमायसिनमुळे कानातील हे इंद्रिय निकामी झालेल्या एका डॉक्टरांनी १९५२ साली स्वानुभव प्रसिद्ध केला. नाडीच्या ठोक्यानेही मस्तक किंचित हले आणि अक्षरे थरथरत. वाचण्यासाठी त्यांना पलंगाच्या दोन गजांत डोके अडकवावे लागे. त्यांचे डोळे मात्र निर्दोष होते.

म्हणून पालकांस आमची विनंती : अशा औषधाचे उपचार चालू असता मूल चक्कर येते, अक्षरे हलतात असे सांगू लागले, तर तो अभ्यासाचा कंटाळा समजू नये, तत्काळ डॉक्टरांना कळवावे.