सांडपाण्याचा ठराव करण्याआधी

नळ आला की सांडपाणी आलंच. जल जीवन मिशनने 2019मध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज 55 लिटर पाण्याचं उद्दिष्ट ठरवलं. पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं अभियंते धरतात. म्हणजे तीन हजार वस्तीच्या गावात रोज सुमारे 1 लाख 32 हजार लिटर. एवढं पाणी गटारात तुंबलं की ग्रामसभेत शहरासारखं प्रक्रिया केंद्र हवं, अशी मागणी होते. ही मागणी रास्त वाटली तरी या विषयात राहून माझं मत उलट झालं आहे. वीज गेल्यावर आणि ऑपरेटर काम सोडून गेल्यावरही जे चालू राहील, तेवढंच लहान गावाने बांधावं.

शहरी केंद्रात पाणी साफ करतात ते जिवाणू, आणि त्यांना सतत हवा लागते. ती पुरवणारा ब्लोअर बराच वेळ बंद राहिला की ते मरू लागतात, टाकीतला गाळ सडतो आणि विसकटलेली घडी लगेच बसत नाही. आता पैशाचं बघू. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपये धरले गेले. तीन हजारांच्या गावाला 8 लाख 40 हजार. हा झाला उभारणीचा पैसा. वीजबिल, जळालेली मोटार, माणसाचा पगार हे सगळं दर महिन्याला पंचायतीच्या अंगावर येतं. घरपट्टी थकली की पहिली कात्री इथेच लागते, कारण नळ बंद पडला तर लोक पंचायतीत येऊन जाब विचारतात, प्रक्रिया बंद पडली तर कोणी फिरकत नाही.

म्हणून पाणी घराजवळच जिरवणं पहिलं. नांदेड जिल्ह्यात घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारं आणि डास हटवण्याचं काम झालं, ते याच वाटेने. खड्ड्याच्या मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड, वर झाकण; एवढंच. पण मोरीचं पाणी नुसतं पाणी नसतं. त्यात भाताची शितं, केस, राख, साबणाचा मळ असतो. तो खड्ड्याच्या तोंडाशी जाळीत अडला नाही आणि जाळी नेमाने साफ झाली नाही, तर खड्डा आतून लिंपला जातो आणि पाणी पुन्हा रस्त्यावर येतं. खड्डा फसला म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा साफसफाई चुकलेली असते.

यावर आक्षेप येतात आणि ते खरे आहेत. चिकण काळ्या मातीत पाणी मुरत नाही. तिथे मुरमापर्यंत खोल जावं लागतं, आणि खाली सलग कातळ असेल तर शोषखड्ड्याचा हट्ट सोडावा. विहिरी दूषित होण्याची भीतीही रास्त आहे. त्यासाठी खड्डा विहिरीपासून लांब ठेवावा, आणि शौचालयाचं पाणी त्यात कधीच सोडू नये. मोठ्या गावात बंदिस्त गटार आधीच झालं असेल, तर उताराच्या टोकाला स्थिरीकरण तळी करावीत. तिथे ऊन, शेवाळ आणि वेळ हेच काम करतात. जागा जास्त जाते हे खरं, पण आपल्या उन्हात ही पद्धत विजेशिवाय चालते. तळ्याचं पाणी झाडांना, चाऱ्याला द्यावं. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला देऊ नये. सेप्टिक टाकीचा मैला हा प्रश्न वेगळा. वाई आणि सिन्नर या शहरांनी टाक्या ठरावीक मुदतीने उपसण्याची पद्धत घातली. गावांनी जवळच्या नगरपालिकेशी तसा करार करावा.

ठरावावर सही करण्याआधी सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना तीन प्रश्न विचारा. दर महिन्याचा खर्च किती? तो कुठल्या पैशातून? आणि जाळी कोण, कधी साफ करणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. ती मिळत नसतील, तर ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवा.