वाळूची गाळणी

पावसात विहीर गढूळ होते. ते पाणी प्यायले, की पोरांना हगवण लागते.

सातपाटीत समुद्राची वाळू दाराशीच आहे. पण ती गाळणीत नको. ती खारी असते, पाणीही खारट करते. सूर्या नदीची वाळू आणा. नितळ पाणी निघेपर्यंत धुवा. माठाच्या बुडाला बारीक भोक पाडा. आत आधी खडी, वर वीतभर वाळू घाला.

पाणी फार हळू पडते? वर गाळ साचला. बोटभर वाळू काढा, धुऊन परत घाला. गढूळ पाणी भराभर पडते? मग वाळूत वाट पडली. सगळी वाळू काढा, धुवा, सारखी भरा.

पाणी स्वच्छ दिसले तरी रोगजंतू उरतात बरं का! उकळूनच प्या. आणि मचूळ विहिरीचे पाणी? वाळू गाळ धरते, मीठ धरत नाही.