पाय पाहून अंथरूण

मुंबईला जायचे ठरले की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो "उतरणार कुणाकडे?" हा. "उतरणार कुठे?" असे सहसा कोणी विचारत नाही. या दोन प्रश्नांत एका शब्दाचाच फरक आहे, पण त्या एका शब्दापायी आमच्या घराला एकदा फार त्रास सोसावा लागला. तो त्रास व त्यातून सुचलेला विचार सहाध्यायी मित्रमैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आपल्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी खेड्यापाड्यांतून येतात. आज ना उद्या आईवडिलांना घेऊन मुंबईला जाण्याची वेळ प्रत्येकावर येतेच. परीक्षा, मुलाखत, लग्न, आणि पुष्कळदा आजारपण, ही त्याची कारणे होत. घरात शिकलेला एकच असला तर सर्वांना नेण्या-आणण्याची जबाबदारी त्याच्यावर पडते, मग त्याने स्वतः मुंबई पाहिलेली असो वा नसो.

प्रथम मुंबईचा आकार ध्यानात घेतला पाहिजे. पुणे किंवा सोलापूर ही शहरे मध्यापासून चहूबाजूंना पसरली आहेत. मुंबईचे तसे नाही. सात बेटे भराव घालून जोडून हे शहर झाले आणि समुद्रामुळे त्याला वाढायला वाट मिळाली ती मुख्यतः उत्तरेकडेच. म्हणून ते रुंदीला कमी व लांबीला जास्त आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटरची पहिली आगगाडी धावली आणि पुढे वस्तीही रेल्वेच्या रुळांलगत सरकत गेली. आज चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कल्याण सुमारे ५४ किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर होती. ठाणे, डोंबिवली, कल्याण, वसई, विरार ही गावे तीत धरलेली नाहीत. आपण मात्र या सर्वांना मिळून सरसकट 'मुंबई' म्हणतो. आपल्या चुकीची सुरुवात इथूनच होते. विरारचे काका आणि परळचा दवाखाना हे दोन्ही 'मुंबईतच' आहेत असे आपण धरून चालतो.

भूगोलाच्या तासाला अंतराचे दोन प्रकार शिकवले जातात. एक किलोमीटरमध्ये मोजायचे आणि दुसरे वेळेत मोजायचे. वर्गात ही व्याख्या मी पाठ केली होती. तिचा अर्थ कळला तो डोंबिवलीच्या फलाटावर.

माझ्या आजीला तपासणीसाठी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात न्यायचे होते. आजीचे वय सत्तरीच्या पुढे, गुडघे धरलेले. तिच्याजवळ आई हवी, कागदपत्रांसाठी मी हवा, वडील तर हवेतच, आणि नऊ वर्षांच्या धाकट्या भावाला एकट्याला घरी ठेवता येईना. असे आम्ही पाच जण निघालो. वडिलांचे मावसभाऊ डोंबिवलीला राहतात. "घरचा माणूस असताना पैसे कशाला घालायचे?" असे सर्वांचे मत पडले. माझेही तेच होते. रविवारी रात्री कुर्डुवाडीला सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली. पहाटे कल्याणला उतरून लोकलने डोंबिवली गाठली. घरी जाऊन आंघोळी आणि चहा उरकून आठच्या सुमारास पुन्हा स्टेशनवर आलो.

ती वेळ म्हणजे अवघी डोंबिवली कामाला निघण्याची वेळ. जलद लोकल आली की फलाटावरची माणसे दाराकडे झेपावत आणि अर्ध्या मिनिटाच्या आत गाडी हलत असे. आजीने पाय उचलेपर्यंत दार भरून जाई. अशा तीन गाड्या आम्ही सोडल्या. शेवटी एका गृहस्थांनी सांगितले, "अहो, म्हातारं माणूस आहे, जलद गाडीच्या मागे लागू नका. इथूनच सुटणारी धिमी लोकल घ्या, ती परळलाही थांबेल." तसे केल्यावर बसायला जागा मिळाली. पण परळला पोहोचून दवाखान्याच्या खिडकीशी जाईपर्यंत नवीन रुग्णांची नोंदणी संपली होती. दोष दवाखान्याचा नव्हता. वेळ तिथे पाटीवर लिहिलेली होती. आजी बाकावर बसली आणि वडिलांना म्हणाली, "माझ्यापायी तुझा रोज बुडाला रे." वडील काही बोलले नाहीत. मंगळवारी नोंदणी, बुधवारी तपासण्या, गुरुवारी निदान. चारही दिवस तीच डोंबिवली आणि तीच गर्दी. आजीला समुद्र पाहायचा होता. तेवढे त्राण तिच्यात उरले नाही.

चार महिन्यांनी फेरतपासणीसाठी पुन्हा जावे लागले. या वेळी मी आधी नकाशा घेऊन बसलो. काम परळला, तर मुक्काम त्याच्या जवळ, असे ठरवून दादर पूर्वेला, हिंदमाताच्या बाजूस, एका साध्या लॉजमध्ये पाच जणांसाठी एक मोठी खोली घेतली. खोली पहिल्या मजल्यावर आहे ना आणि शौचालय कमोडचे आहे ना, हे फोनवर विचारून घेतले. शनिवारी रात्री निघालो आणि रविवारी सकाळी दादरलाच उतरलो. रविवार विश्रांतीला मिळाला, सोमवारी सकाळी सातला आम्ही दवाखान्याच्या दाराशी होतो, आणि मंगळवारी रात्री परतीच्या गाडीत.

दोन्ही खेपांचा हिशेब मी वहीत मांडला. ज्या बाबींत फरक पडला तेवढ्याच येथे देतो. पहिल्या खेपेला मुक्कामाचा खर्च शून्य, लोकल-रिक्षा-टॅक्सी १,७५० रुपये, यजमानांकडे नेलेली फळे-मिठाई ६५० रुपये, आणि वडिलांचा चार दिवसांचा बुडालेला रोज २,४०० रुपये, असे एकूण ४,८०० रुपये झाले. दुसऱ्या खेपेला दोन रात्रींचे खोलीभाडे ३,२०० रुपये, वाहनखर्च ५४० रुपये, बाहेरचे जेवण ९०० रुपये, आणि दोन दिवसांचा रोज १,२०० रुपये, असे एकूण ५,८४० रुपये झाले. म्हणजे लॉज महाग पडला हे खरेच आहे, ते मी लपवीत नाही. पण 'फुकट' आणि '३,२०० रुपये' यांत जो डोंगराएवढा फरक वाटत होता तो प्रत्यक्षात १,०४० रुपयांचा निघाला. तेवढ्या रकमेत आजीचे हाल वाचले आणि दोन दिवस वाचले.

आता मुक्कामाच्या पर्यायांचा विचार करू. नातेवाइकांकडे उतरण्याची आपली रीत काही अडाणीपणाची नाही. तिला इतिहास आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावच्या माणसांच्या सामाईक खोल्या असत. कोकणातला किंवा घाटावरचा माणूस थेट आपल्या गावच्या खोलीवर जाई आणि खाणावळीत जेवे. त्या खोल्या कामाच्या ठिकाणाजवळच होत्या, ही गोष्ट आपण विसरतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, जागांचे भाव चढले आणि आपली माणसे डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा अशी दूर दूर गेली. नाते तेच राहिले, अंतर मात्र बदलले. "उतरणार कुणाकडे?" हा प्रश्न त्या जुन्या मुंबईसाठी बरोबर होता.

दुसरा पर्याय धर्मशाळेचा. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे आणि बाहेरगावच्या रुग्णांना व त्यांच्या नातलगांना तिचा मोठा आधार आहे. परळमध्ये के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे. त्यामुळे या भागात अशा सोयीची गरज कायमची आहे. मात्र धर्मशाळेत जागा हमखास मिळेल असे धरून जाऊ नये. रुग्णाचे कागद जवळ ठेवावेत आणि आधी चौकशी करावी. तिसरा पर्याय लॉजचा. तिथे भाडे खोलीचे आहे की माणशी आहे, जादा गादीचे किती घेतात, जिना आहे की लिफ्ट, आणि खोली सोडण्याची वेळ कोणती, हे चार प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत. पावसाळ्यात आणखी एक प्रश्न विचारावा, तो म्हणजे इथे पाणी तुंबते का? हिंदमाताचा परिसर त्यासाठी मुंबईत प्रसिद्धच आहे. आम्ही हिवाळ्यात गेलो म्हणून निभावले.

वाहनाची निवड मुक्कामानंतर येते, आधी नव्हे. तिचे काही नियम अनुभवाने सांगतो. पहिला नियम असा की, सकाळी गर्दी दक्षिणेकडे वाहते आणि संध्याकाळी उत्तरेकडे. शक्य तर तिच्या उलट दिशेने प्रवास करावा. दादरला उतरलेला माणूस सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला निघाला तर त्याला पुष्कळ मोकळी गाडी मिळते. दुसरा नियम असा की, बरोबर वृद्ध माणूस असेल तर धिमी गाडी हीच खरी जलद गाडी. गाडी बदलण्याचा एक जिना वाचला तर पंधरा मिनिटे जास्त लागली तरी चालतील. तिसरा असा की, बायकांच्या डब्यामुळे कुटुंबाची फाटाफूट होते, तेव्हा कोणत्या स्टेशनवर आणि तिथे नेमके कुठे भेटायचे हे चढण्यापूर्वी ठरवावे. केवळ फोनवर विसंबू नये. चौथा असा की, रविवारी दिवसा रुळांच्या कामासाठी मेगाब्लॉक असतो. त्या दिवशी लांबचा बेत करू नये.

रिक्षाबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहे. दक्षिणेकडे येताना वांद्रे आणि सायन यांच्या पलीकडे, म्हणजे मूळ शहरात, रिक्षा चालत नाहीत. तिथे टॅक्सी किंवा बेस्टची बस. १ फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये झाले आणि मे २०२५ मध्ये बेस्टचे साध्या बसचे किमान तिकीट १० रुपये झाले. चार माणसांना दादरहून परळला जायचे असेल तर बस आणि टॅक्सी यांच्या खर्चात फारसे अंतर राहत नाही, हे हिशेब करून पाहावे. पाचवा माणूस असला की मात्र दुसरी टॅक्सी करावी लागते. आमच्यापैकी मी बसने जात असे. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण चालू झाली आहे. दादर, सिद्धिविनायक, नेहरू विज्ञान केंद्र, गिरगाव, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक ही ठिकाणे एका रेषेत आली आहेत. लोकलपेक्षा तिचे भाडे जास्त आहे, पण लिफ्ट आणि सरकते जिने असल्याने गुडघेदुखीच्या माणसाला ती सोयीची आहे. स्थळे पाहायची तर अशी एका रेषेवरची पाहावीत. एका दिवशी गेटवे आणि त्याच दिवशी कान्हेरी असा हव्यास धरला की लक्षात राहतो तो प्रवासच.

आता राहिला तो नात्याचा प्रश्न. "आम्ही असताना लॉजवर उतरलात?" हे वाक्य ऐकावे लागेल या धास्तीनेच बहुतेक माणसे लांबचा मुक्काम पत्करतात. माझ्या वडिलांनाही हीच भीती होती. पहिल्या खेपेला मी एक गोष्ट पाहिली होती. काकांची जागा दोन खोल्यांची. पाणी पहाटे ठरावीक वेळी येते. काकू नोकरी करतात. आम्ही पाच जण होतो तेव्हा त्या चार रात्री स्वयंपाकघरात ओट्याखाली निजल्या आणि आमच्या आंघोळी व्हाव्यात म्हणून रोज पहाटे चारला उठल्या. त्यांच्या तोंडून एक शब्द आला नाही. पण शब्द आला नाही म्हणून भार पडला नाही, असे समजणे सोयीस्कर असले तरी खरे नाही. पाहुणचाराचा हिशेब मांडताना यजमानीण बाईचे श्रम आपण नेहमी शून्य धरतो. माझ्या वहीतही ते शून्यच धरले गेले आहेत, कारण ते रुपयांत कसे मांडावेत ते मला ठरवता आले नाही.

दुसऱ्या खेपेला वडिलांनी आधीच फोन करून सांगितले, "दवाखाना जवळ पडावा म्हणून दादरला उतरतोय. रविवारी संध्याकाळी तुम्हीच इकडे या." काका थोडे नाराज झाले, पण काकूंना घेऊन आले. दादरच्या चौपाटीवर आम्ही सगळे बसलो. आईने बांधून आणलेली कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही असे जेवण झाले. काकू म्हणाल्या, "मागच्या वेळी चार दिवस घरात होतात, पण बोलणं असं आजच झालं." आजी मात्र कुणाशी बोलत नव्हती. ती वाळूत पाय सोडून समुद्राकडे पाहत होती. बऱ्याच वेळाने तिने एवढेच विचारले, "हे पाणी रातीला कुठं जातं?" भरती-ओहोटीचा धडा मी तिला तिथेच शिकवला. तिला तो किती पटला कोण जाणे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपले वाडवडील सांगत आले. खर्चाच्या बाबतीत ते योग्यच आहे. पण मुंबईसारख्या लांबच लांब शहरात सहकुटुंब जाताना आधी पाय पाहावेत आणि मग अंथरूण निवडावे, असे मला वाटते. आणि पाय पाहायचे ते घरातल्या सर्वांत धट्ट्याकट्ट्याचे नव्हेत, तर सर्वांत थकलेल्या माणसाचे. नकाशा घ्यावा, कामाच्या ठिकाणावर बोट ठेवावे, आणि तिथून आपली आजी न थांबता किती चालेल ते स्वतःला विचारावे. मुक्काम कुठे करायचा याचे उत्तर त्यातच मिळेल.