फ्लेक्सच्या आधी स्पाइक्स

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत मुलगी पंधराशे मीटरमध्ये पहिली आली, त्या संध्याकाळी दिरांनी फ्लेक्सवाल्याला फोन लावला. दहा बाय आठचा फ्लेक्स, मधोमध तिचा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून गावातले सगळे कार्यकर्ते. खर्च बाराशे रुपये. मीही हरखले होते, खोटं कशाला सांगू? पण पोरगी तेव्हा ओसरीवर बसून शाळेतून मागून आणलेल्या स्पाइक्सच्या खिळ्यांत अडकलेली काळी माती माझ्या केसांच्या आकड्यानं टोकरत होती. जोड तिच्या मापापेक्षा एक नंबर मोठा होता, पुढे चवड्यात कापूस कोंबलेला. मी म्हटलं, "भाऊजी, फ्लेक्स राहू द्या. ते पैसे इकडे द्या." रागावले थोडे, पण दिले.

त्या दिवसापासून मी खर्चाची वही सुरू केली. धावायला काय लागतं, दोन पाय तर लागतात, असं सगळेच म्हणतात, आणि क्रिकेटच्या किटच्या मानानं ते खरंही आहे. पण वर्षअखेरीला वहीची बेरीज आली 44,600 रुपये. नगरपासून पंधरा किलोमीटरवरच्या गावात राहणाऱ्या, दोन दुभत्या गाईंच्या घराला ही रक्कम लहान नाही. म्हणून कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे आवळायचा, ते लिहिते. आकडे आमच्या गेल्या हंगामातले, आम्ही मोजलेले. तुमच्या दुकानात थोडे इकडेतिकडे होतील.

आधी पायातलं

पहिला जोड मी चुकीचा घेतला. भरतीची पोरं वापरतात तसले हलके बूट, 1,150 रुपयांचे. बूट वाईट नव्हते, पण शाळेचे खेळ ऐन पावसाळ्यात सुरू होतात आणि ओल्या मैदानावर ते टिकले नाहीत. चार महिन्यांत तळवा टाचेकडून झिजून गुळगुळीत झाला आणि पोरीची नडगी दुखायला लागली. दुसरा जोड 2,400 चा घेतला. तो घ्यायला संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं. सरावाचे मोजे घालूनच माप बघितलं आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवली. वाढतं वय आहे म्हणून दोन नंबर मोठा घेण्याची आपली जुनी खोड इथे महागात पडते. गणवेश मोठा चालतो, धावायचा बूट चालत नाही.

स्पाइक्स 1,900 ला मिळाले. ते घेताना दुकानदाराला अंतर सांगा. शंभर-दोनशे मीटरवाल्यांचे स्पाइक्स पुढून ताठ असतात. आठशेच्या वर पळणाऱ्यांना टाचेखाली थोडी गादी असलेले हवेत. खिळे बदलता येणारे असावेत आणि चावी डब्यातच आहे का ते बघून घ्यावं, नाहीतर पुन्हा माझा आकडा आहेच. सिंथेटिक ट्रॅकवर नऊ मिलिमीटरपेक्षा लांब खिळा चालत नाही. मातीवर लांब बरा वाटतो. म्हणून दोन्ही मापांचे खिळे जवळ असू द्या. रोजच्या सरावाला स्पाइक्स नकोत, पोटऱ्या धरतात. आणि मूल पहिलंच वर्ष पळत असेल तर स्पाइक्स घेऊच नका. तालुक्याच्या मैदानावर अजूनही निम्मी पोरं अनवाणी पळतात आणि जिंकतातही.

कपड्यांना 3,200 गेले. त्यातले 900 रुपये दोन चांगल्या स्पोर्ट्स ब्रांचे. आईनं लाजून ही खरेदी टाळली की पोरगी खांदे आवळून पळते, आणि मैदानावर कोणी तरी तिचं धावणं सुधारायला लागतं. ट्रॅकसूट मात्र जिल्ह्यात निवड होईपर्यंत थांबवा.

सगळ्यात मोठा खर्च चुलीवरचा

वहीत सगळ्यात जाड आकडा आहे 20,000. त्यात रोज अर्धा लिटर दूध, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा आणि एक केळं येतं. दिवसाला साधारण पंचावन्न रुपये, महिन्याला साडेसोळाशे. दूध घरचं असलं तरी मी ते डेअरीच्या भावानं वहीत मांडते, कारण पोरीच्या पेल्यात गेलेलं दूध डेअरीला जात नाही. एकूण खर्चातला निम्म्याला थोडा कमी वाटा हाच, आणि इथे काटकसर केली की बाकी सगळं पाण्यात.

हे मी शिकले ते स्वतःच्या चुकीतून. दिवाळीनंतर तिची वेळ हळूहळू घसरायला लागली. सकाळी उठायचा कंटाळा, जिना चढली तरी धाप. मी मोबाईलला दोष दिला आणि तिला नको ते बोलले. शेवटी 250 रुपये देऊन रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन 10.4. बारा वर्षांपुढच्या मुलीत ते 12 च्या खाली आलं की पंडुरोग म्हणतात. म्हणजे गाडीत पेट्रोल नव्हतं आणि मी ड्रायव्हरला शिव्या घालत होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितल्या. जेवणावर चहा बंद केला, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. तीन महिन्यांनी आकडा 12.3 वर आला. तपासण्या, गोळ्या आणि नडगीचा एक एक्सरे मिळून 2,600 रुपये झाले. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी फुकट मिळते. ती बहुतेक पोरी खिडकीतून टाकतात. तुमची काय करते, ते एकदा विचारा.

आणखी एक, मुलींच्या आयांसाठी. पाळी दोन-तीन महिने आली नाही तर "कटकट टळली" म्हणू नका. धावणं जास्त आणि खाणं कमी होतंय याची ती खूण असू शकते, आणि त्याचा भार पुढे हाडांवर येतो. नडगीवर एकाच जागी बोट ठेवून "इथंच दुखतं" असं मूल म्हणालं तर पळणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तेल-मालिशवर दिवस काढू नका.

जिमच्या दुकानातला साडेतीन हजारांचा प्रोटीनचा डबा आम्ही घेतला नाही. तेवढ्यात दोन महिन्यांचं वरचं खाणं होतं. शिवाय डब्यात काय मिसळलंय ते डब्यावर लिहिलेलं असेलच असं नाही. उत्तेजक चाचणीत काही सापडलं तर जबाबदार खेळाडूच धरला जातो, मग डबा कुणीही दिलेला असो. ताकदीचं इंजेक्शन सुचवणाऱ्या माणसाच्या मैदानावरून तर त्याच दिवशी मूल काढून घ्यावं.

गुरुजी, अकादमी आणि मांडव्याचा मुलगा

नगरच्या आसपास भरतीच्या अकादम्या गल्लोगल्ली आहेत. त्या सोळाशे मीटरच्या, कारण पोलीस भरतीत मुलांना तेवढंच पळावं लागतं, मुलींना आठशे. भरती हे वाईट ध्येय नाही, आपल्याकडे कित्येक घरं त्यावर उभी राहिली. पण वीस वर्षांच्या पोरांबरोबर चौदा वर्षांच्या मुलीला त्याच फेऱ्या मारायला लावणं वेगळं. आम्ही तीन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी राहून-खाऊन महिना साडेसहा हजार सांगितले, दुसऱ्यानं वर्षाची फी आधीच मागितली. तिसरे गावाजवळच्या हायस्कूलच्या मैदानावर शिकवणारे सर, महिना 700. पैसे भरण्याआधी मी एक सकाळ कट्ट्यावर बसून पाहिलं. सर लहानांना वेगळं घेत होते, आठवड्यात दोन दिवस हलके ठेवत होते, आणि कोण किती पळालं ते वहीत लिहीत होते. वही दिसली आणि माझं मन भरलं. चुन्याची फक्की मारलेली दोनशे मीटरची ती पट्टी, पंधराशेला साडेसात फेऱ्या. अकरा महिन्यांचे 7,700 झाले.

घाई करणाऱ्या आईबापांनी अविनाश साबळेचं उदाहरण नीट वाचावं. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा. लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटर जायचा; आईवडील वीटभट्टीवर काम करायचे. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, आणि स्पर्धेचं धावणं सुरू केलं ते 2015 मध्ये, विशी ओलांडल्यावर. पुढे 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य, 2023 मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण आणि 2024 मध्ये पॅरिसला 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. तेराव्या वर्षी त्याच्या नावाचा फ्लेक्स लागला असता तर पायांना काय फरक पडला असता?

एसटीचं गणित

प्रवासाचे 4,800 झाले, आणि ते याहून वाढले नाहीत याचं श्रेय लालपरीला. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. नगर-पुणे साध्या गाडीचं पूर्ण तिकीट दोनशेच्या घरात, म्हणजे मी आणि मुलगी मिळून जाता-येता चारशे. हे सोबत आले की एकट्यांचंच तिकीट आम्हा दोघींएवढं. म्हणून पुण्याला बालेवाडीच्या स्पर्धेला मी जाते आणि हे गाई बघतात. कौतुक फोनवर करतात. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून शाळेपर्यंतचा एसटी पास मोफत आहे. ज्या चौंडीत अहिल्याबाई जन्मल्या ती आपल्याच जामखेड तालुक्यातली, पण पास काढायला आमच्या गावात तरी निम्म्याच पोरी जातात. शाळेनंतर सरावाला थांबणाऱ्या मुलीनं शेवटची गाडी किती वाजता आहे, ते आधी पाहून ठेवावं.

मुक्काम पडलाच तर पुण्यात नातेवाईक नसलेला नगरकर मला अजून भेटायचा आहे. डबा घरचा न्या. शर्यतीच्या सकाळी वडापाव खाऊन पोरगी कोपऱ्यात वाकलेली मी पाहिली आहे.

गावोगावी निघणाऱ्या मॅरेथॉनमध्ये पाचशे-हजार रुपये प्रवेश फी भरली की टी-शर्ट आणि पदक मिळतं. ते पदक भिंतीवर शोभतं. पण क्रीडा गुण आणि नोकरीतलं आरक्षण यांची वाट शालेय आणि अधिकृत संघटनांच्या स्पर्धांतून जाते. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांत, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात, आणि त्यांचं पत्रक वाडिया पार्कमधल्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून शाळेत येतं. पत्रक आलं का, हे खेळाच्या सरांना जुलैपासून विचारत राहा.

पुढची पायरी चढली तर खिशावरचा भार हलका होतो. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली तर राहणं, जेवण आणि प्रशिक्षण सरकारी खर्चानं. खेलो इंडियाच्या खेळाडूला वर्षाला 6.28 लाखांपर्यंतचं साहाय्य असतं, त्यातले 1.20 लाख, म्हणजे महिना दहा हजार, हातखर्चाचे. पण तिथवर पोचेपर्यंतची तीन-चार वर्षं घरच्याच पैशांवर काढायची असतात.

कागदांना 850 रुपये लागले: फोटो, झेरॉक्स, बोनाफाईड. आकडा लहान, त्रास मोठा. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर सारखी हवी. वय कमी दाखवण्याचा सल्ला देणारे भेटतील. पुढे वैद्यकीय तपासणीत ते उघडं पडतं आणि मूल खोटं ठरतं. नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी आणि दहावी-बारावीच्या वाढीव गुणांसाठी हीच प्रमाणपत्रं तपासली जातात. आमच्या एका प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं, आणि ते दुरुस्त करायला तीन हेलपाटे घालावे लागले आणि एका दिवसाची मजुरी बुडाली. पदक गळ्यात पडलं की फोटो काढा, पोटभर कौतुक करा. पण मैदान सोडण्याआधी प्रमाणपत्र हातात घेऊन त्यावरचं नाव जन्मदाखल्याच्या झेरॉक्सशी ताडून बघा.